आधी मोजणी, मग वाटणी

भाऊबंदांत वाटणीचा तंटा पडला म्हणजे शहाणा पंच पहिल्याच दिवशी निवाडा देत नाही. तो आधी जमिनीवर साखळी टाकावयास लावतो. बागाईत किती, जिराईत किती, विहीर कोणाच्या बांधात येते, गाडीवाट कोणाच्या शेतातून जाते, हे सारे कागदावर आल्याखेरीज तो तोंड उघडीत नाही. कारण मोजणीवाचून केलेली वाटणी ही वाटणी नसून जो अधिक मोठ्याने ओरडेल त्याच्या पदरी टाकलेली देणगी असते, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. व्यवहारात इतकी दक्षता बाळगणारे आम्ही लोक, शाळांच्या बाबतीत मात्र मापाची आठवण अगदी शेवटी करतो. कोणत्या शाळेस किती पैसा द्यावा यावर सभा गाजतात, ठराव होतात, पक्ष पडतात. परंतु कोणत्या शाळेत मुलामागे किती जागा आहे, छप्पर कोणाच्या मालकीचे आहे आणि भाड्यापायी किती पैसा जातो, याची यादी कोणाच्याच हाती नसते. हा दोष एकट्या आपल्याच देशाचा नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेली तीसपस्तीस वर्षे जो वाद चालला आहे, तो या दोषाचे ठळक उदाहरण आहे, आणि त्यावर तेथील काही लोकांनी योजिलेला उपायही विचार करण्याजोगा आहे.

त्या देशात सार्वजनिक शाळा सामान्यतः स्थानिक शाळामंडळाच्या ताब्यात असतात. या मंडळांच्या साचेबंद कारभारास कंटाळून १९८८ च्या सुमारास रे बड्डी नामक शिक्षणतज्ज्ञाने आणि शिक्षकसंघाचे पुढारी आल्बर्ट शँकर यांनी एक नवी कल्पना पुढे मांडली. ती अशी की, शिक्षकांच्या किंवा नागरिकांच्या एखाद्या मंडळीस ठराविक मुदतीची सनद द्यावी, शाळा चालविण्याची मोकळीक द्यावी, आणि मुदतीअखेर त्यांच्याकडून कामाचा हिशेब घ्यावा. १९९१ साली मिनेसोटा संस्थानाने असा पहिला कायदा केला व पुढील वर्षी सेंट पॉल शहरी पहिली सनदी शाळा उघडली. तेथे या शाळांना चार्टर स्कूल म्हणतात. आपण सनदी शाळा म्हणू. त्या खासगी नव्हेत. त्यांत फी नाही, धर्मशिक्षण नाही, आणि जागांहून अर्ज अधिक आले तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्यावा लागतो. २०२१-२२ साली अशा शाळांची संख्या सुमारे ७,८०० असून त्यांत ३७ लाखांच्या आसपास मुले शिकत होती. म्हणजे सार्वजनिक शाळांतील दर शंभर मुलांमागे सुमारे सात मुले या शाळांत होती. या शाळा चांगल्या की वाईट, हा वाद आम्ही येथे काढीत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ही मुले बसतात कोठे, आणि त्या जागेचे भाडे कोण भरतो?

येथेच साऱ्या भानगडीचे मूळ आहे. मुलाच्या शिक्षणाचा चालू खर्च, म्हणजे शिक्षकांचा पगार, पुस्तके व सामान, यासाठी संस्थानाने नेमून दिलेली रक्कम बव्हंशी मुलामागोमाग सनदी शाळेकडे जाते. इमारतीचा पैसा मात्र तसा जात नाही. शाळामंडळास नवी इमारत बांधावयाची झाल्यास ते कर्जरोख्यांची योजना मतदारांपुढे ठेवते. मतदारांनी रुकार दिला की रोखे विकले जातात आणि त्यांची फेड गावच्या घरांवरील व जमिनींवरील करातून वर्षानुवर्षे होत राहते. सनदी शाळेस ना हद्द, ना मतदार, ना कर बसविण्याचा अधिकार. तिला बाजारात जाऊन जागा भाड्याने घ्यावी लागते आणि ते भाडे शिक्षकांच्या पगारासाठी आलेल्या रकमेतून द्यावे लागते. शिवाय तिची सनद ठराविक वर्षांची, पुष्कळ ठिकाणी अवघी पाच वर्षांची. ज्या पेढीस आपले कूळ पाच वर्षांनी उभे असेल की नाही याची खात्री नाही, ती पेढी कर्ज देताना व्याज चढवूनच मागणार, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. सारांश, ज्या शाळेपाशी भांडवल कमी तिलाच भांडवल महाग पडते.

याचा परिणाम मुलांवर कसा होतो तो पाहा. सनदी शाळा पुष्कळदा देवळाच्या तळमजल्यात, बंद पडलेल्या दुकानात, जुन्या गोदामात किंवा कचेऱ्यांच्या इमारतीत भरतात. दुकानासाठी बांधलेल्या जागेत पुढचा दर्शनी भाग तेवढा उजेडाचा व मागचा अंधाराचा असावयाचा; वर्ग मात्र दोन्हीकडे भरवावे लागतात. खेळावयास अंगण नाही, प्रयोगशाळेस पाण्याचा नळ नाही, ग्रंथालय म्हणजे वाटेतले एक कपाट. स्वयंपाकघराची गोष्ट तर याहून जिव्हाळ्याची आहे. गरीब मुलांस शाळेत दुपारचे जेवण मिळावे म्हणून त्या देशाने १९४६ साली राष्ट्रीय कायदा केला. परंतु ज्या शाळेत अन्न शिजविण्याची सोयच नाही, तिला ते बाहेरून आणवावे लागते, नाही तर त्या योजनेवर पाणी सोडावे लागते. म्हणजे ज्या मुलास त्या जेवणाची सर्वांत अधिक गरज, तेच मूल केवळ त्याच्या शाळेस चूल नाही म्हणून मागे राहण्याचा धोका. वहीत ही बाब इमारतखर्चाच्या सदरात पडते. खरी पाहता ती पोटाची बाब आहे.

या साऱ्याबद्दल वर्षानुवर्षे तक्रारी होत होत्या. परंतु तक्रार म्हणजे पुरावा नव्हे. सनदी शाळांचे कैवारी म्हणत, आमच्यावर अन्याय होतो. शाळामंडळे म्हणत, तुम्ही होऊन सनद मागितली, आता जागेसाठी रडता कशाला? दोन्ही बाजूंस आवाज होता, आकडा एकीकडेही नव्हता. अशा वेळी, २००७-०८ च्या सुमारास, कोलोरॅडो संस्थानातील सनदी शाळांच्या संघाने एक साधे काम केले. त्याने आपल्या शाळांच्या चालकांपुढे एक तपशीलवार प्रश्नावली ठेवली. वर्ग किती, प्रत्येकाचे क्षेत्रफळ किती, मुलामागे जागा किती पडते. व्यायामशाळा, ग्रंथालय, स्वयंपाकघर आहे की नाही. इमारत स्वतःची की भाड्याची. भाडे किंवा कर्जाचा हप्ता किती. तो कोणत्या रकमेतून भरला जातो. शेजारच्या मंडळाची एखादी इमारत रिकामी आहे काय. असे हे प्रश्न होते. २००८ साली त्याचा अहवाल निघाला. पुढे राष्ट्रीय संघाच्या साह्याने हीच पद्धत डझनाहून अधिक संस्थानांत नेण्यात आली. ठिकठिकाणी निष्कर्ष बरेचसे सारखे आले. पुष्कळ सनदी शाळांचे वर्ग मान्य मापाहून लहान होते, अनेकींस पुरे स्वयंपाकघर नव्हते, आणि शिकविण्यासाठी आलेल्या पैशाचा एक भाग दरसाल भिंतींपायी खर्ची पडत होता.

या पाहणीचे आम्ही कौतुक करतो, परंतु डोळे मिटून नव्हे. ती करणारा संघ हा या वादातील एक पक्षकार होता. ज्याचे शेत मोजावयाचे त्यानेच साखळी धरली तर मोजणी खोटीच असते असे नाही; पण शेजाऱ्याने ती मान्य करावी अशी अपेक्षाही करता येत नाही. शिवाय एकाच भावाचे शेत मोजून वाटणी कशी करणार? म्हणून त्याच २००८ साली कोलोरॅडोच्या कायदेमंडळाने जे पुढचे पाऊल टाकले ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. शाळाइमारतींच्या मदतीसाठी त्याने जी नवी योजना स्थापिली, तिच्याअन्वये संस्थानातील सर्व सार्वजनिक शाळांच्या इमारतींची तपासणी करण्याचे ठरले. मंडळाची शाळा आणि सनदी शाळा दोघींसही त्या योजनेतून मदत मागता येते, आणि ज्या इमारतीपासून मुलांच्या जिवास व आरोग्यास धोका तिचा क्रम आधी लागतो. एक माप, एक यादी, आणि यादीत गरजेप्रमाणे क्रम, हे तत्त्व आमच्या मते न्यायाचे आहे. २०१७ साली त्याच संस्थानाने आणखी एक कायदा करून, मतदारांनी मंजूर केलेल्या स्थानिक जादा कराचे उत्पन्न मंडळांनी आपल्या सनदी शाळांतील मुलांसही सारख्या न्यायाने पोहोचवावे असे फर्माविले. आकडे पुढे असले म्हणजे कायदेमंडळास वळसे घेणे कठीण जाते, याचे हे प्रत्यंतर होय.

मापावर न्याय कसा अवलंबून असतो याचे दुसरे उदाहरण कॅलिफोर्निया संस्थानाचे आहे. नोव्हेंबर २००० मध्ये तेथील मतदारांनी एक ठराव मंजूर केला. त्याने शाळांच्या कर्जरोख्यांस लागणारे बहुमत दोनतृतीयांशावरून शेकडा ५५ वर आणले, आणि त्याच्या मोबदल्यात मंडळांवर असे बंधन घातले की, आपल्या हद्दीतील सनदी शाळांच्या मुलांस त्यांनी इतर शाळांच्या वाजवी तोडीची जागा द्यावी. शब्द चांगले, पण वाजवी तोड म्हणजे काय, आणि ती मोजावयाची कशी? लॉस एंजेलिसचे मंडळ स्वतःच्या शिक्षकनेमणुकीच्या प्रमाणावरून खोल्या ठरवीत असे. तंटा वरपर्यंत गेला. अखेर २०१५ साली संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, तुलनेसाठी घेतलेल्या शाळांत मुलांसाठी ज्या वर्गखोल्या आहेत त्या मोजल्या पाहिजेत, मग तेथे शिक्षक नेमलेला असो वा नसो. कायद्याचा शब्द पंधरा वर्षे तसाच होता. त्यात प्राण आला तो खोल्या मोजण्याची रीत ठरली तेव्हा. तथापि याही व्यवस्थेत उणीव आहेच. जागेची मागणी दरसाल नव्याने करावी लागते, आणि ज्या शाळेस पुढच्या वर्षी आपला पत्ता कोणता हे ठाऊक नाही, तिने बागेत झाड तरी कोणत्या आशेवर लावावे?

इतर संस्थानांनी निरनिराळे मार्ग धरले आहेत. मिनेसोटात सनदी शाळेस भाड्याची मदत मिळते, तिला प्रत्यक्ष भाड्याच्या शेकडा ९० ची व मुलामागे ठराविक रकमेची मर्यादा आहे. कॅलिफोर्नियाने २००१ च्या कायद्याने भाड्याच्या तीनचतुर्थांशापर्यंत मदत देऊ केली, आणि ती मुख्यतः गरीब मुलांचा भरणा असलेल्या शाळांसाठी राखली. न्यूयॉर्क शहरासाठी २०१४ साली असा कायदा झाला की, नव्या किंवा वाढणाऱ्या सनदी शाळेस शहराने सार्वजनिक इमारतीत जागा द्यावी, नाही तर भाड्यास साह्य करावे. यांपैकी कोणताही मार्ग निर्दोष नाही. पण भाड्याच्या मदतीत गरिबीचा हिशेब धरण्याची कॅलिफोर्नियाची दृष्टी आम्हांस विशेष पटते. सर्वांस सारखे देणे हे समतेचे पहिले पाऊल आहे, शेवटचे नव्हे.

आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. सनदी शाळा उघड्यावर आणि मंडळाच्या शाळा राजवाड्यात, असे चित्र कोणी काढील तर ते खोटे आहे. त्या देशाच्या मध्यवर्ती हिशेबतपासणी कचेरीने १९९५ साली असा अंदाज केला होता की, सर्व सार्वजनिक शाळांच्या इमारती सुस्थितीत आणण्यास ११,२०० कोटी डॉलर लागतील. त्याच कचेरीने २०२० साली सांगितले की, शेकडा ४१ शाळामंडळांना आपल्या निम्म्या अथवा अधिक शाळांतील हवा खेळविण्याची व उष्णतेची यंत्रणा बदलणे किंवा सुधारणे जरूर आहे. हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. स्थानिक करावर इमारत उभी राहावयाची म्हटल्यावर ज्या गावची घरे मोलाची त्या गावची शाळा उंच, आणि ज्या वस्तीची घरे मोडकी तिची शाळाही मोडकी, हे ओघानेच आले. १९७३ साली टेक्सासमधील गरीब वस्तीतील पालकांनी या रीतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. पाच विरुद्ध चार मतांनी ती फेटाळली गेली. तेव्हा सनदी शाळेस न्याय द्यावा म्हणून गरीब मंडळाच्या गळक्या शाळेचा पैसा काढून घेणे, म्हणजे एका उघड्याचे पांघरूण ओढून दुसऱ्या उघड्यावर घालणे होय.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांनी तरी नजरेआड करू नये. सार्वजनिक पैशाने भाडे भरले जाते तेथे घरमालक कोण, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. काही ठिकाणी शाळा चालविणारी मंडळीच निराळ्या नावाने इमारतीची मालक असते. तीच भाडे ठरवते, तीच भरते आणि तीच घेते. वीस वर्षे भाडे भरून झाले तरी लोकांच्या पदरी एक वीट पडत नाही. तेथील मध्यवर्ती शिक्षणखात्याच्या महानिरीक्षकाने २०१६ साली सहा संस्थानांतील ३३ सनदी शाळांचा व्यवस्थापक संस्थांशी असलेला संबंध तपासला, त्यांपैकी २२ शाळांच्या कारभारात अंतर्गत देखरेखीची उणीव आढळली. म्हणून पाहणीच्या प्रश्नावलीत केवळ खोलीची लांबीरुंदी असून भागणार नाही. भाडेपट्टा कोणाच्या नावाचा, तो मालक चालकांचा कोण लागतो, आणि शाळा बंद पडल्यास इमारत कोणाची होते, हीही सदरे पाहिजेत.

यावर दोन आक्षेप नेहमी निघतात. पहिला असा की, चांगला गुरू झाडाखालीही शिकवितो, विटामातीत विद्या नाही. हे वचन ऐकावयास गोड आहे. पण आम्ही असे पाहतो की, ते उच्चारणारे गृहस्थ आपल्या मुलास झाडाखालच्या शाळेत कधी घालीत नाहीत. शिवाय याबाबत आता अनुमानावर राहण्याचे कारण उरलेले नाही. शाळांच्या इमारतींवरील खर्चाविषयी २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अमेरिकन अभ्यासात असे आढळले की, हवा खेळविण्याच्या यंत्रणेवर व विषारी द्रव्ये काढून टाकण्यावर केलेल्या खर्चाने मुलांचा अभ्यास सुधारतो. क्रीडांगणांच्या बांधणीवरील खर्चाने अभ्यास सुधारत नाही, मात्र आसपासच्या घरांची किंमत वाढते. यातून घेण्याचा बोध मोठा मार्मिक आहे. जे डोळ्यांत भरते ते मतदारास आवडते, जे नाकातोंडावाटे मुलाच्या फुप्फुसात जाते ते कोणास दिसत नाही. न दिसणारे दिसू लागावे, यासाठीच तर मोजणी.

दुसरा आक्षेप असा की, पाहणी म्हणजे कागदी घोडे. तोच पैसा एखाद्या छपरावर घातला तर काय वाईट? वाईट इतकेच की, तो कोणत्या छपरावर घालावा हे पाहणीवाचून कळत नाही, आणि न कळता घातलेला पैसा वशिल्याच्या वाटेने जातो. ज्या शाळेच्या चालकास अर्ज लिहिता येतो, ज्याची मंत्र्यांपाशी ऊठबस आहे, त्याच्या शाळेस तिसरी व्यायामशाळा मिळते, आणि ज्या शाळेत अर्ज लिहावयास कारकून नाही तिचे छप्पर गळतच राहते. वशिला मोडावयाचा तर जाहीर यादीसारखे शस्त्र नाही.

आमच्या मते, म्हणून, पुढील गोष्टी अवश्य आहेत. पाहणी निःपक्षपाती सरकारी यंत्रणेने करावी. सनदी शाळांच्या संघाने वा मंडळांनी नव्हे. ती सर्व सार्वजनिक शाळांची व एकाच मापाने करावी. तिचे आकडे शाळावार प्रसिद्ध करावे, म्हणजे पालकास आपल्या मुलाच्या वर्गाचे माप शेजारच्या वर्गाशी ताडून पाहता येईल. मदतीचा क्रम आधी धोक्यावरून व मग गरिबीवरून लावावा. आणि सार्वजनिक पैशाने जी इमारत उभी राहील किंवा फिटेल, ती शाळा बुडाली तरी लोकांकडेच परत यावी, अशी अट प्रत्येक करारात असावी.

यातून आपण काय घ्यावे? खासगी मंडळीने शाळा चालवावी आणि सरकारने तिला पैसा द्यावा, ही गोष्ट आपणांस नवी नाही. १८५४ च्या खलित्यापासून अनुदानाची पद्धत या देशात चालू आहे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात हाच प्रश्न उभा केला होता की, सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने, मग तिचा शिक्षणावरील खर्च वरच्या वर्गांच्या वाट्यास का जावा? तोही हिशेबाचाच प्रश्न होता. आज एका बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने दर शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगवेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण असे इमारतीचे माप ठरवून दिले आहे, आणि यू-डायस या नोंदणीत शाळाशाळांची माहिती दरसाल भरली जाते. परंतु ती माहिती प्रथम भरतो शाळेचाच मुख्याध्यापक. नळ आहे असे लिहिले म्हणजे नळाला पाणी आहे असे होत नाही. अमेरिकेपाशी हवी तशी वही नाही. आपणांपाशी वही आहे, ती जागेवर जाऊन पडताळण्याची सवय कमी आहे.

तेव्हा आमच्या वाचकांस, विशेषतः ज्यांच्या दुकानात दिवाळीस वह्यांची पूजा होते त्यांस, आमची एवढीच विनंती आहे. आपल्या पेठेतल्या शाळेत एकदा जाऊन या. हातात फीत घ्या, खोली मोजा, मुले मोजा, नळ सोडून पाहा, आणि ते आकडे शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. दुकानातील माल वर्षातून एकदा तरी आपण स्वतः मोजतो, नोकराच्या शब्दावर सोडीत नाही. मुलांच्या बाबतीत तितकी काळजी घेणे आपणांस जड जाऊ नये.